हलवलेले हात

रविवारची दुपार, पोटात भरपेट वरणभात, आणि शाल्मलीच्या पापण्या आता कुणाचं ऐकायला तयार नाहीत. उशाशी निळं पेन आणि एक जुना फोटो आहे. उद्याच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी आणलेला. फार पूर्वीच्या एका कुष्ठरुग्णालयातली बाई, दोन्ही हात पुढे धरून बसलेली. चेहरा लख्ख, हात मात्र नुसता धूर. खाली नाव नाही, नंबर आहे. "हललाय गं तो, काढून टाक," असं वर्गशिक्षिका दाणीबाई म्हणाल्यात. शाल्मलीचा मात्र जीव अडकलाय त्यात.

डोळा लागतो न लागतो तोच ती वर्गात आहे. वर्गाला भिंती नाहीत. फळ्याच्या जागी पांढरी चादर ताणलीय, आणि चादरीपुढे स्टुलावर तीच बाई.

"आजी, तुम्ही?"

"आजी कुणाला म्हणतीस? तुझ्या आईपरीस तरणी हाय मी!"

"बरं, अक्का! तुमचा फोटो हललाय."

"हललाय? हलवलाय!" अक्का मांडीवर थाप मारते. "फोटो काढणारा सायेब म्हणायचा, बोटं नीट दाखव, तोंड कसंबी येऊ दे. मी केस विंचरून, ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेली. फोटो माझा, का झडल्या बोटांचा? त्यानं भिंगाचं टोपण काढलं रं काढलं, की मी हात हलवलेच. फोटूच्या चार काचा वाया घालवल्या बिचाऱ्याच्या!"

चादरीमागून आता नदी वाहतेय. शाल्मली हसून हसून लोळते. तिचा उजवा हात जन्मापासून मनगटात वळलेला. हल्ली ती तो लपवत नाही, पण त्याला कामालाही लावत नाही.

अक्का त्याच्याकडे रोखून बघते. "ह्यो बरा, बसून खातोय!"

"त्याला जमत नाही हो."

"इचारलंस का कधी त्याला? लिही माझं नाव. सगुणा. नंबर कुणाला पायजे?"

"कागद कुठाय?"

"तळहात हाय की. आन् फोटो?"

"लावते अक्का. मधोमध लावते! दाणीबाईंना मी सांगते."

सगुणाअक्का पदर सारखा करते, ताठ बसते. या वेळी तिचे हात अगदी स्थिर आहेत.

"शाल्मले, चहा!"

ती दचकून उठते. आई कप घेऊन उभी, आणि लेकीच्या डाव्या तळव्यावर निळ्या शाईत वेडीवाकडी तीन अक्षरं.

"हे कुणी गं लिहिलं?"

"यानं!" म्हणत शाल्मली उजवा हात उंच करते.