बबडीचा डावा कान

कोणी समोर आलं की सिस्टर आधी दोन बोटांनी त्याची हनुवटी धरायच्या आणि तोंड उजेडाकडे वळवायच्या. "बघू. झोपला नाहीस. जेवलास तरी का?" दवाखान्यात नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली बाई, कळव्यातल्या आमच्या गल्लीत त्यांना नावाने कोणी ओळखतच नव्हतं. तुमच्या गल्लीतही अशी एखादी सिस्टर असेल. नसेल तर तुम्ही कमनशिबी, आणखी काय!

त्यांच्या बिल्डिंगखाली माझा फोटो स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स. एका सकाळी त्या बाजाराच्या पिशवीत आपली मांजर, बबडी, घेऊन आल्या. "हिचा फोटो काढ. चांगल्या घरातली दिसली पाहिजे."

भानगड अशी होती, की गुडघ्यांमुळे सिस्टरना एकटं राहणं जमेना. घोडबंदर रोडची भाची त्यांना घेऊन जायला तयार होती, बबडीला नाही. व्हिडिओ कॉलवर तिला बघून भाची म्हणाली होती, "मावशी, ही रस्त्यावरची दिसते गं." म्हणून हा फोटो.

स्टुडिओतले दिवे लागताच बबडी खुर्चीखाली गेली ती बाहेर येईना. मग मी त्यांच्या घरी गेलो. बुद्धमूर्तीशेजारच्या खिडकीत तिला बसवलं, फ्लॅश बंद केला आणि तिच्या डोळ्यांच्या पातळीवर यायला फरशीवर पालथा पडलो. सिस्टर माझ्या डोक्यामागे वाटीवर चमचा वाजवत होत्या. "हलली का? पुन्हा घे. डोळे मिटले? पुन्हा घे."

कॉम्प्युटरवर मी मागची बादली कापून टाकली, उजेड थोडा वाढवला, भिंतीचा निळसरपणा घालवला. मांजर खानदानी दिसायला लागली. राहिला डावा कान. बोक्याशी झालेल्या मारामारीत कानाच्या टोकाचा तुकडा गेला होता.

"तेवढा शिवून टाक ना," सिस्टर म्हणाल्या.

लोकांच्या फोटोंतले डाग आणि व्रण पुसण्यात माझा हात बसलेला. दोन मिनिटांत उजवा कान उचलून डावीकडे लावला. फोटो बघून भाचीचा लगेच फोन आला, "किती गोड! आण तिला."

सामान हलवायच्या दिवशी लोखंडी कपाट जिन्यावर आपटलं आणि बबडी घाबरून पळाली.

सिस्टरनी जायचं लांबणीवर टाकलं. मी पोस्टर छापली आणि कळव्यापासून खारेगावपर्यंत चिकटवली. त्यावर तोच फोटो. आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही, हे आज सांगतानाही मला खरं वाटत नाही.

नवव्या दिवशी खारेगावातल्या एका सोसायटीच्या वॉचमनने मला हटकलं. आठवडाभर तो एका मांजरीला चपाती घालत होता. ती कालपासून दिसेना. आमचं पोस्टर त्याच्याच गेटवर होतं.

"मग फोन का नाही केला?"

"वो तो कानकटी थी, साहब. पोस्टरवाली के तो दोनों कान अच्छे हैं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टरना जाऊन सांगितलं. म्हणाल्या, "कान शिवायला सांगितलं तर मीच होतं." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी भाची त्यांना घेऊन गेली. रोज अकरा वाजता फोन यायचा. "दिसली का रे?" आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. एक दिवस भाचीच बोलली. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितले होते, आणि मावशी मांजरीची वाट बघत होती.

त्याच आठवड्यात माझ्या दुकानाच्या पायरीवर एक मांजर येऊन बसली. तोच रंग, तशीच अंगलट, कानाचा तुकडा गेलेला. पण उजव्या कानाचा.

मी तिचा फोटो काढला. फोटो आरशातल्यासारखा उलटा करायला एक बटण दाबावं लागतं. मी दाबलं. सिस्टरना पाठवला.

फोन आला. सिस्टर हसत होत्या, हसताना धाप लागत होती. "अरे, पायरीवरचा झेरॉक्सचा बोर्ड उलटा कसा रे?"

इतकी वर्षं फोटो काढतोय, मांजरीच्या कानाशिवाय मला काही दिसलंच नव्हतं. मला रडू फुटलं.

"रडतोस काय? सरळ फोटो पाठव." मी पाठवला. फोन चालूच होता. "हिची जखम ओली आहे. पाणी उकळून गार कर, त्याने पूस. दोन दिवस बाहेर सोडू नकोस. कळलं?"

"हो, सिस्टर."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भाचीचा फोन आला. मावशी पहाटे गेली होती. मांजर माझ्या मांडीत होती आणि कान पुसू देत नव्हती.