आत्याच्या शिफ्टमधला बिघाड

माझ्या आत्याला घरात सगळे तोफ म्हणत, अर्थात तिच्या पाठीमागे. लग्नाचा विषय काढणारा पाहुणा तर चहा अर्धा टाकून पळायचा.

ती वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होती. लांबून तारांवरून येणारी डीसी वीज तिथे एसी करून शहराला देतात. हे काम वाल्व नावाची अवाढव्य उपकरणं आळीपाळीने करतात. एकाने करंट सोडायचा, पुढच्याने घ्यायचा. पण शहराकडचं व्होल्टेज अचानक ढेपाळलं की आधीचा वाल्व करंट सोडतच नाही. हेच ते कम्युटेशन फेल्युअर. "जेवण झालं तरी एकजण खुर्ची अडवून बसतो आणि दुसरा ताट घेऊन ताटकळतो, तसं," आत्या समजवायची. बहुतेक वेळा ते डोळ्याचं पातं लवायच्या आत आपोआप सावरतं. लागोपाठ झालं तर मात्र केंद्र बंद पडतं आणि अर्धं शहर अंधारात जातं.

व्होल्टेज ढेपाळायचं ते शेजारच्या पोलाद कारखान्यातल्या विजेच्या भट्टीमुळे. म्हणून भट्टी चालू करण्याआधी भट्टीवाल्याने केंद्राला फोन करायचा, म्हणजे तिथे वीज थोडी कमी करून ठेवतात, असा नियम होता. इतरांच्या शिफ्टमध्ये फोन वेळेवर यायचा. आत्याच्या शिफ्टमध्ये आधी लाल दिवे लागायचे आणि मग फोन वाजायचा. "अहो बाई, विसरलोच की!" मग आत्या त्याची अशी बिनपाण्याने करायची की बाकीचे ऑपरेटर काम सोडून ऐकत बसायचे.

शेवटी साहेबांनी तिला बोलावलं. "तुमच्याच शिफ्टमध्ये कसं होतं हे? आणखी एकदा झालं तर तुमची रवानगी स्टोअरमध्ये."

आत्याला रडूच कोसळलं. त्या कंट्रोल रूममध्ये तिचा जीव अडकलेला होता. शिफ्ट संपताच ती तडक कारखान्यात गेली. भट्टीवाला म्हणजे टक्कल पडलेला, भुवया होरपळलेला, ओशाळा माणूस.

"माझ्याशी काय वैर आहे तुमचं? माझी खुर्ची चालली आहे!"

त्याचा चेहरा पडला. "तसं नका होऊ देऊ हो. वैर कसलं? आधी फोन केला तर तुम्ही 'बरं' म्हणून ठेवून देता. नंतर केला की अर्धा तास बोलता." मग बुटांकडे बघत म्हणाला, "बायको गेल्यापासून माझ्यावर कुणी ओरडलेलंच नाही."

"अहो, मग तसं सांगायचं ना!" आत्या म्हणाली. "उद्यापासून फोन आधी करा. मी तेव्हाच ओरडेन."

हे मला सांगताना आत्या चक्क लाजली. मला तिचा हेवा वाटला.

तिच्या शिफ्टमध्ये आता बिघाड होत नाही. भट्टी मात्र अर्धा तास उशिरा चालू होते, आणि कारखान्याचा मालक साहेबांकडे येऊन कुरकुरतो की तुमच्या बाई फोन ठेवतच नाहीत.