मनात म्हणजे कुठं

वाचनालयात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मला वाटलं, इथं बसलेल्या सगळ्या माणसांना कसली तरी शिक्षा झालेली आहे. पाचसहा पागोटेवाले पुरुष लांब बाकावर बसले होते. प्रत्येकाच्या पुढ्यात वर्तमानपत्र, तोंडं मिटलेली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ओठ हलत नव्हते म्हणजे ते वाचत नव्हते, एवढं मला ठाऊक होतं. आमच्या शाळेत वाचन म्हणजे चाळीस पोरींनी एका सुरात ओरडणं. जिचा आवाज ऐकू आला नाही तिनं धडा केला नाही, असा तिथला न्याय होता.

मी तेव्हा आठनऊ वर्षांची असेन. अब्बा महाराजांच्या पागेत घोड्यांना नाल ठोकायचे. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारी मी पहिलीच. महाराजांनी शाळा फुकट केली होती, आणि पागेतल्या एका कारभाऱ्यानं अब्बांना ‘पोरगीला धाडा’ म्हणून सांगितलं होतं. म्हणून मी शाळेत होते. आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता.

एक दिवस वाचनालयाचे नवे ग्रंथपाल आमच्या शाळेत आले. उंच, वाकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. म्हणाले, “शनिवारी शाळा लवकर सुटते. मुलांसाठी मी एक कपाट उघडं ठेवणार आहे. या आणि हवं ते पुस्तक घ्या.” आमच्या वर्गातल्या तिघी गेलो. हवं ते म्हणजे काय, हे तिघींनाही कळलेलं नव्हतं. शाळेत जे देतील तेच वाचायचं असतं.

मी उंटाचं चित्र असलेलं एक पुस्तक घेतलं, बाकाच्या टोकाला बसले आणि शाळेतल्यासारखी खणखणीत सुरुवात केली. सगळी पागोटी एकदम माझ्याकडं वळली. ग्रंथपाल धावत आले आणि मला हाताला धरून मागच्या पडवीत घेऊन गेले.

“मनात वाच,” ते म्हणाले.

“मनात म्हंजे कुठं?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तू स्वतःशी बोलतेस ना, तसं.”

“मी सोताशी बोलतानाबी तोंडानंच बोलती की.”

 ते म्हणाले, “बरं. तू इथं पडवीत मोठ्यानं वाच. मनात कसं वाचतात ते आपण पुढं बघू.”

पुस्तक घरी नेता येतं, हे कळल्यावर तर गोंधळ आणखी वाढला. अब्बांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. “कुणाचं हाय?” वाचनालयाचं. “तुला दिलंय?” न्हाय, परत द्यायचं. “मग कशाला आणलंस?”

अम्मानं मात्र काही विचारलं नाही. दुपारी ती भाकऱ्या थापायला बसली की मी समोर बसून वाचायची. गोष्ट एका व्यापाऱ्याच्या हरवलेल्या उंटाची होती. दोन पानं झाली की अम्माचे हात थांबायचे.

“त्येला पाणी कोण पाजतंय मग?”

“ते लिवलेलं न्हाय.”

“नीट बघ. तू गाळलं असशील.”

मी परत बघायची. पाणी नसायचं. मग शनिवारी मी ग्रंथपालांना विचारायची, की उंटाला पाणी कुणी पाजलं. ते हसायचे नाहीत. नुसते विचारात पडायचे आणि म्हणायचे, “लेखकानं सांगायला हवं होतं खरं.” असे कितीतरी शनिवार गेले. दर वेळी एक पुस्तक आणि अम्माचे चारपाच प्रश्न.

मग ते झालं. पडवीत एका सुताराची गोष्ट वाचत होते. सुतार नदीत पडला, मी घाईनं पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि एकदम ध्यानात आलं की मला माझाच आवाज येत नाही. तोंड मिटलेलं होतं, तरी सुतार काठावर पोचला हे मला कळलं होतं. मी आत पळाले आणि शांत बसलेल्या माणसांच्या मधोमध उभी राहून म्हणाले, “माझा आवाज गेला.”

एक म्हातारबुवा म्हणाले, “बोलतेस तर आहेस.”

ग्रंथपालांना मात्र समजलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “आलं तुला,” एवढंच म्हणाले. काय आलं, आणि गेलं ते कुठं गेलं, मी विचार करत घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अम्मा पिठाची परात घेऊन बसली. मी पुस्तक उघडून बसले. थोड्या वेळानं ती म्हणाली, “वाच की.”

“वाचतीय.”

“कुणाला?”

मी मोठ्यानं सुरू केलं, पण डोळे पुढं धावायचे आणि तोंड मागं राहायचं. अडखळायला लागले. अम्मानं परात सरकवली.

पुढच्या शनिवारी ती माझ्याबरोबर निघाली. चादर डोक्यावरून घेऊन ती वाचनालयाच्या मागच्या पायरीवर उभी राहिली. ग्रंथपाल बाहेर आले.

“मास्तर, पोरीचा आवाज तुमी बंद केलासा.”

“बाई, बंद नाही केला. ती आता चांगली वाचायला लागली. मोठी माणसं अशीच वाचतात.”

“व्हय. आन् मी काय ऐकायचं?”

मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून ग्रंथपालांनी कपाट उघडलं होतं. आईचा विचार त्यांच्या मनात आला नसावा. मग त्यांनी स्वतः एक सतरंजी आणून पायरीवर टाकली. “बसा तुम्ही. ती वाचेल.”

अम्मा बसली. पुढच्या वेळी शेजारच्या दोघी आल्या. पाचसहा शनिवार हे चाललं. मग बायका पायरीवर बसतात हे शोभत नाही, असं वाचनालय चालवणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी म्हणालं, आणि सतरंजी आत गेली. ग्रंथपाल त्यांच्याशी भांडले, असं मागाहून ऐकलं. वर्षाच्या आत ते गडहिंग्लजकडं नोकरीला निघून गेले. ते गेले त्या दिवशी मला रडू आलं नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

मुलांचं कपाट उघडं राहिलं. मी पुस्तकं आणत राहिले. काही मोठ्यानं वाचायची, काही नाही, आणि कुठलं कसं वाचायचं हे ठरवताना मला दर वेळी आपण काहीतरी चोरतोय असं वाटायचं.

एकदा शाळेतून आले तर अम्मा दारात बसली होती. मांडीवर विहिरीच्या गोष्टीचं पुस्तक होतं, मी तिला आदल्याच आठवड्यात वाचून दाखवलेलं. मी तिला पाचसात अक्षरं शिकवली होती, त्याहून जास्त नाही. तिचं बोट ओळीवरून सरकत होतं आणि ओठ हलत होते. तिला अक्षरं लागत होती की पाठ झालेलं ती म्हणत होती, कळेना. बोट ओळीच्या शेवटी पोचलं, तिनं पान उलटलं, आणि मी चपला न वाजवता मागच्या दारानं आत गेले.