एकेका टाक्यानं चालणारी मशीन

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी इंझोरीला एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या सीटचं माप घेत होतो. पलीकडून आधी नुसते हुंदके. मग, "बाबा... चाचा गेले," एवढंच ती बोलली. सकाळी चहाचा कप घेऊन युसूफ त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसला, छातीत कळ आली आणि डॉक्टर येईस्तोवर सगळं आटोपलं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मी त्या परक्या अंगणात उभा राहून माझ्या पोरीचं रडणं ऐकत होतो, आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आला तो युसूफ नव्हता. मी मेल्यावर ही पोरगी एवढी रडेल का, हे आलं. कोणाला वाईट वाटेल तर वाटो. युसूफवर पेपरच्या पुरवणीत काहीतरी लिहा म्हणून शेजारच्या मास्तरांनी गळ घातली, तेव्हाच मी त्यांना बजावलं होतं की मला हारतुऱ्याचं लिहिता येत नाही. मी जळत होतो त्याच्यावर. अजूनही जळतो.

आम्ही दोघंही मंगरूळपीरचे, एका वयाचे, एकाच धंद्यातले. चामडं शिवायचं. बैलांच्या गळ्यातले पट्टे, गाड्यांच्या सीटा, पिशव्या, कमरेचे पट्टे, जे येईल ते. हा धंदा दोघंही शिकलो माझ्याच बापाच्या दुकानात. बाप माझा, दुकान माझ्या बापाचं, आणि शाबासकी मात्र युसूफला. मी टाका चुकवला की बाप हातातलं असेल ते फेकून मारायचा. युसूफनं चुकवला की म्हणायचा, "असू दे बेटा, पुढच्या बारीनं सुधरीन." मला उभ्या जन्मात कधी बेटा म्हणाला नाही. युसूफ होताही तसाच. गोड बोलणारा, नेहमी अत्तर लावलेला, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून चहा पाजणारा. लाजणं-बुजणं त्याला ठाऊकच नव्हतं. स्वतःच्या कामाची तारीफ स्वतःच मोठमोठ्यानं करायचा आणि लोकांना तेही आवडायचं! मी तेच बोललो असतो तर म्हणाले असते, देवानंदले लय माज आला. पुढं त्यानं दर्ग्याच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान थाटलं, आणि माझी अर्धी गिऱ्हाइकं त्याच्याशी गप्पा मारायच्या निमित्तानं तिकडंच रेंगाळायला लागली.

पण एका बाबतीत मी त्याच्या वर होतो. पायात. आमच्या जुन्या मशिनींना क्लच मोटार असते. बटन दाबलं की ती टेबलाखाली अखंड घुमत राहते आणि पायडलवर पाय ठेवला की सुई सुटते. थोडा जास्त दाबला की संपलं, सुई धावत सुटते आणि चामडं ओढून नेते. कापडात शिवण चुकली तर उसवता येते. चामड्यात सुईनं पाडलेलं भोक कायमचं. म्हणून पायाचं वजन पडू द्यायचं नाही, बोटांनी नुसतं चाचपायचं. ते मला जमायचं. पुऱ्या वेगानं मशीन पळवून ऐन कोपऱ्यावर मी टाका थांबवायचो आणि युसूफ तोंडात बोट घालायचा. "देवा, तुह्या पायात शैतान हाय," म्हणायचा. त्याच्या तोंडून एवढं ऐकलं की मला दोन दिवस झोप चांगली लागायची.

हे सगळं एका मोटारीनं घालवलं. अकोल्याच्या कोण्या व्यापाऱ्याकडून युसूफनं सर्व्हो मोटार आणली. लहानशी, नारळाएवढी. तिच्या पुढं डबी, डबीवर गोल बटन. ते फिरवून वेग बांधून द्यायचा. मग तुम्ही पायडलवर कितीही नाचा, सुई त्याच्या वर पळत नाही. टुक... टुक... असा एकेक टाका घालते. मी पाहायला गेलो आणि हसलो. "बैलगाडी हाकलून राह्यला का बे?" म्हणालो. युसूफ म्हणाला, "हस बाप्पा हस." आणि पहिल्याच जाड कामाला त्याची बैलगाडी रुतली. पट्ट्याच्या कोपऱ्यावर चामड्याचे चार थर येतात. तिथं सुई टेकली, मोटार कण्हली आणि बंद पडली. इतक्या हळू वेगात तिच्यात जोरच उरत नव्हता. वेग वाढवला तर जोर यायचा, पण मग ती क्लच मोटार काय वाईट होती? त्या संध्याकाळी मला घरचा चहासुद्धा गोड लागला. प्रज्ञाची आई म्हणाली, "आज कायची खुशी एवढी?" मी म्हणालो, काही नाही.

युसूफ चार-आठ दिवस गप्प होता. युसूफ गप्प म्हणजे गल्लीला चुकल्यासारखं व्हायचं. मग भंगारातून त्यानं कडबा कापायच्या जुन्या यंत्राचा एक मोठा चक्का उचलून आणला, घासून-पुसून मशीनच्या अंगाला बसवला, आणि मोटारीला लावली एवढीशी पुली. मधून पट्टा. झालं! आता खाली मोटार चांगली जोरात फिरायची, वर सुई तेवढीच हळू उतरायची, आणि चार थरांतून अशी जायची की हूं का चूं नाही. युसूफनं अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगितलं. मला म्हणाला, "तुले पन बसवून देतो." मी म्हणालो, "मले गरज नाई. माहा पाय शाबूत हाय अजून." तो चक्का मला का सुचला नाही, या विचारानं मी किती दिवस कुढत होतो ते माझं मलाच माहीत.

तरी ते एक वेळ चाललं असतं. धंद्यातली गोष्ट धंद्यात. पण त्याच सुमारास प्रज्ञा बी.ए. झाली आणि म्हणाली, मला मशीनवर बसायचं. मला केवढा आनंद झाला! एकुलती एक पोरगी, बापाचा धंदा स्वतःहून मागते आहे. माझ्या बापाच्या मशीनवर मी तिला बसवलं. "पायडल दाब," म्हणालो. ती म्हणाली, "किती?" मी म्हणालो, "किती म्हंजे? पायाले समजते ते." "माह्या पायाले नाई समजत, बाबा." "समजीन! दाब!" तिनं दाबलं, मशीन सुटली आणि एका गिऱ्हाइकाच्या कोऱ्या पट्ट्यावर आडवीतिडवी शिवण मारून गेली. मी ओरडलो. ओरडणारच ना? मी तसाच शिकलो, माझा बापही तसाच शिकला असेल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी पोरगी आलीच नाही. संध्याकाळी कोणीतरी येऊन सांगितलं, तुमची प्रज्ञा युसूफभाईच्या दुकानात शिवून राह्यली.

मी तरातरा गेलो. पाहतो तर खरंच. युसूफनं डबीवरचं बटन अगदी खाली आणून ठेवलेलं, पोरगी पायडलवर निर्धास्त पाय ठेवून बसलेली, सुई टुक करून उतरायची, थांबायची, ती चामडं वळवायची, पुन्हा टुक. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. माझ्या दुकानात तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "हे काय लावलं?" मी युसूफला म्हणालो, "अशानं कवा शिकीन ते?" युसूफ म्हणाला, "कायले ताव खातं देवा? पयले रस्ता पाहू दे तिले, मंग पळीन." आणि प्रज्ञा मान वर न करता म्हणाली, "बाबा, उजेडातून बाजूले व्हा." मी बाजूला झालो. त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना चाचा, चहा घेताना चाचा. चाचा असं धरतात, चाचा तसं वळवतात. आधी बाप नेला यानं माझा, आता पोरगी...

शेवटी मीही सर्व्हो आणली. युसूफकडं नाही, परभारे मागवली, स्वतःच बसवली. म्हटलं, हळू शिवायलाच पाहिजे ना तुला, ये मग घरच्या दुकानात. पण तिला बोलवायच्या आधी हात बसवावा म्हणून शिवायला बसलो, आणि क्लचवाल्या माणसाशिवाय कोणी करणार नाही अशी चूक केली. क्लच मोटारीचा घुमणारा आवाज बंद झाला म्हणजे मशीन बंद, हे आमच्या हाडात बसलेलं. सर्व्हो मोटार पाय उचलला की गपगार होते, पण चालूच असते. सगळं शांत पाहून मी सुईत दोरा ओवायला वाकलो, आणि पाय पायडलवर. सुई बोटातून आरपार! माझी आरोळी ऐकून शेजारचे धावले, कोणीतरी युसूफला फोन केला, आणि तो आणि प्रज्ञा दोघंही एका गाडीवर आले. युसूफनं आधी बटन बंद केलं, मग हातानं मशीनचं चाक उलटं फिरवून सुई अलगद वर घेतली. बोटाला पट्टी बांधताना दोघं एकमेकांकडं पाहत होते. मग युसूफला हसू फुटलं, तो हसला म्हणून प्रज्ञा हसली, आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत सुटले. "देवा, अबे तिले घोरायची सवय नाई रे!" युसूफ म्हणाला. बोटाचं दुखणं परवडलं, ते दोघांचं मिळून हसणं नाही. दुसऱ्याच दिवशी मी ती मोटार काढून क्लच परत बसवली.

आणि मग तो गेला. मी इंझोरीहून मिळेल त्या गाडीनं आलो, खांदा दिला, माती दिली. कब्रस्तानातून परतताना जो तो म्हणत होता, असा माणूस होणे नाही. मान हलवून हलवून माझी मान दुखली. घरी प्रज्ञा दोन दिवस जेवली नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, तेवढंही जमलं नाही. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, लाज वाटते पण लिहितो, हिशेब चालूच होता. आता तरी ही माझ्याकडं येईल.

चाळिसावा दिवस झाला आणि युसूफच्या बायकोनं, नजमाभाभीनं आम्हाला बोलावलं. दुकानाची जागा भाड्याची होती, मालकाला परत हवी होती. भाभी प्रज्ञाला म्हणाली, "बेटी, मशीन तू ले जा. इथं कोन चालवनार हाय?" मी परत येऊन दुकान झाडलं, भंगार काढलं, दाराजवळची उजेडाची जागा मोकळी केली आणि तिथं माझ्या बापाची मशीन सरकवली. खुर्चीवर नवी गादी टाकली. माळ्यावरची सर्व्हो खाली काढून पुसून ठेवली. युसूफची मशीन आतल्या बाजूला राहील, अडीनडीला, असं मी मनाशी ठरवलं होतं. टेम्पो आला. चार जणांनी मशीन उतरवली, त्या कडबा-यंत्राच्या चक्क्यासकट. प्रज्ञानं दुकानाकडं पाहिलं, गादीकडं पाहिलं, आणि म्हणाली, "बाबा, हे आत घ्या ना. चाचाची मशीन उजेडात लागते." माझ्या बापाची मशीन मीच ढकलत आत नेली. पोरगी माझ्या दुकानात आली एकदाची, आणि युसूफला सोबत घेऊनच आली.

आता ती दाराशी, मी आत. माझी क्लच घुमत असते, तिची टुक... टुक... गेल्या आठवड्यात किन्हीराजा गावच्या एका माणसाचं काम आलं, बैलांचे पट्टे, जाड चामडं, कोपऱ्याला चार थर. मी म्हणालो, कोपरे मी करतो. ती म्हणाली, मीच करते. मी माझं काम थांबवून बसलो. खरं सांगायचं तर कुठं चुकते तेच पाहत बसलो. तिनं शिवून झाल्यावर पट्टा माझ्यापुढं धरला. "पाहा." मी पाहिलं. "चांगला हाय," म्हणालो. ती म्हणाली, "असं नाई. चाचा चांगला कधी म्हनत नव्हते. उलटा करून पाहत." मग मी पट्टा उलटा केला. खालची शिवण वरच्यासारखीच होती. कोपऱ्यावर एकही टाका ना मागं, ना पुढं, ना सैल. हे काम मला कधी आलं नाही. माझ्या बापालाही आलं नव्हतं. आणि युसूफला... त्यालाही खालच्या बाजूनं एवढं साफ यायचं नाही. पोरीनं त्याला मागं टाकलं होतं!

मला काय झालं कोण जाणे. पट्टा हातात घेऊन मी तसाच उठलो, चपला सरकवल्या आणि बाहेर पडलो. मागून प्रज्ञा म्हणाली, "बाबा, कुठं चालले?" मी म्हणालो, "आलोच." चौक ओलांडला, दर्ग्याच्या रस्त्याला लागलो, भरभर चालत होतो. काय बोलायचं तेही तोंडात तयार होतं. पाह्य म्हनलं बेट्या, माह्या पोरीचं काम पाह्य, तुले तरी जमते का असं... युसूफच्या दुकानापाशी आलो. शटर खाली होतं. पायरीवर एक बाई भाजीची पाटी टेकवून बसली होती. तिनं विचारलं, "काय पायजे, भाऊ?" मी पट्टा तसाच उलटा धरून उभा होतो.