सा लागण्याआधीचा श्वास

ऑपरेशनच्या आधी आम्ही बायकोचा आवाज भरून घेतला. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "लोकांसाठी एवढे आवाजाचे प्लगइन बनवतोस ना? मग आता माझा बनव. मुलींचा वर्ग बंद पडायला नको."

पार्ल्याच्या घरी बाहेरच्या खोलीत तिचा गाण्याचा वर्ग चालायचा. आम्ही खिडक्यांना गाद्या लावल्या, पंखा बंद केला आणि ती घामाघूम होऊन एकेक स्वर आकारात लावत बसली. आमच्याकडे विमानं डोक्यावरूनच जातात. मी घाई केली की डाफरायची, "अरे, जाऊ दे ना ते आधी! नंतर काय विमानासकट शिकवू?" तिच्या आवाजात ऐकलेल्या शेवटच्या थट्टांपैकी ही एक.

प्लगइन म्हणजे संगणकात वाजणारं वाद्यच; ते बनवायचं माझं काम म्हणजे पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि तारांनी जोडायच्या. एक चौकट भरलेला स्वर वाजवते, दुसरी एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेते, तिसरी तानपुरा धरते. जाळं झकास जमलं, पण वर्गातल्या जुन्या लॅपटॉपवर त्याची वाट लागली. आवाजाच्या प्रत्येक कणासाठी प्रत्येक चौकट शेजारणीला विचारत बसायची. आवाज तडतडायचा, आणि लॅपटॉपला जोडलेल्या पेटीसारख्या कीबोर्डची पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा यायचा. ती आता गळ्यावरच्या छिद्रातून श्वास घेत होती आणि बोलायचं ते फोनवर टाइप करत होती. पट्टी दाबायची आणि नुसती माझ्याकडे बघायची. मला ते बघणं सोसायचं नाही.

म्हणून मी ते सगळं जाळं कंपाइल करायला घेतलं. रोज दहा डबे उघडण्यापेक्षा गोडा मसाला एकदाच कुटून ठेवतात, तसंच हे. कोणाच्या मागून कोण ते आधीच ठरतं, बिनकामाच्या चौकटी गळतात आणि उरतो तो एकच सलग प्रोग्रॅम. तो भराभर चालतो. फक्त त्यातलं जिरं पुन्हा वेगळं काढता येत नाही. काही बदलायचं तर मूळ जाळ्यात बदलून परत कुटायचं.

तडतड गेली, पण उशीर थोडा उरलाच. मी वैतागून सगळा कोड पालथा घातला. शेवटी आवाजाची आकृती मोठी करून पाहिली, तर उशीर माझ्या जाळ्यात नव्हताच. स्वर लावण्याआधी तिनं घेतलेला श्वास होता तो. इतकी वर्षं ऐकत आलो होतो, त्यामुळे मला तो वेगळा असा ऐकूच येत नव्हता. मी सगळे श्वास कापले आणि पुन्हा कंपाइल केलं. आता पट्टीला बोट लागताक्षणी सा. मी भलताच खूश झालो.

संध्याकाळी मुली बसल्या आणि सगळा गोंधळ झाला. कोणी आधी, कोणी नंतर, ओळीच्या मधेच कोणाचा दम तुटतोय. एकजण म्हणाली, "काका, ताई सुरू कधी करणार ते कळतच नाही ना!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं वर्गात कधी एक-दोन-तीन म्हटलंच नव्हतं. ती श्वास घ्यायची, मुली तिच्याबरोबर घ्यायच्या आणि सगळ्यांचा सा एकदम लागायचा. तिनं फोन माझ्यासमोर धरला. त्यावर लिहिलं होतं, "माझा श्वास कुठे गेला?"

मी तो परत बसवला. पुढच्या वर्गाला तिनं पट्टी दाबली. लॅपटॉपमधून तिचा जुना, भरभरून घेतलेला श्वास आला. मुलींनी छाती भरून श्वास घेतला. सवयीनं तिनंही घेतला, तोंड उघडून. हवा गळ्यावरच्या रुमालाखालून आत गेली. मग सा लागला, मुलींचा आणि लॅपटॉपचा, अगदी एकत्र, आणि ती तशीच तोंड उघडं ठेवून बसली. तिचं बोट पट्टीवरच होतं. सा वाजत राहिला, त्याला दम लागत नाही. मुली एकेक करून थांबल्या. तिनं दुसऱ्या हातानं तोंड झाकलं आणि उठून आत गेली. मुलींसमोर रडणार कसा? मी तिच्या जागी जाऊन बसलो.

त्या दिवशी जेवताना तिनं टाइप केलं, "मुली छान गातायत. वर्ग तू चालव. मला नाही ऐकवत."

आता मीच चालवतो. गाणं येत नाही मला, पट्टी दाबता येते. प्लगइन त्या जुन्या लॅपटॉपवरही अगदी सुरळीत चालतं, तक्रारीला जागा नाही. श्वास येतो, मुली श्वास घेतात, सा लागतो, आणि नेमका तेव्हाच आत स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होतो. माझं सगळं आयुष्य आवाज ऐकण्यात गेलंय. भांडं रिकामं आहे, हे मला बाहेर बसूनही कळतं.