ना हरकत पत्राची देणगी

आमचा धनकवडीतला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. आईला जिने चढवेनासे झाले, तेव्हा तो विकून मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायचं ठरलं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. घर आईच्या नावावर होतं, धावपळ माझ्याकडे.

घर विकलं की पैसे येतात, एवढंच मला ठाऊक होतं. ते जातातही, हे मग कळत गेलं. एजंटचं कमिशन, वकिलाची फी, ओल दिसू नये म्हणून रंग. आणि शेवटी सोसायटीची देणगी. ती दिल्याशिवाय ना हरकत पत्र नाही, पत्राशिवाय गिऱ्हाइकाला बँकेचं कर्ज नाही. तळमजल्याचा मालक तर शनिवारपर्यंतच थांबणार होता.

मी सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेले.

“काका, हस्तांतर शुल्काला सरकारने मर्यादा घातलीय. वर देणगी मागता येत नाही.”

“आम्ही कुठे मागतो? ऐच्छिक आहे. इच्छा झाली की या, पत्र तयार आहे.”

बाबा सभांमधून, मोर्चांमधून पत्रकं आणायचे. माझी अक्षरओळख त्यांवरच झाली. त्यामुळे मला दुसरं काय सुचणार? दुपारीच एकपानी पत्रक लिहिलं, ‘ही देणगी नव्हे, खंडणी!’, आणि चोवीस दारांखालून सरकवलं.

संध्याकाळी अध्यक्षांनी बोलावून ठरावाची जुनी वही पुढे केली. देणगीचा ठराव. सूचक म्हणून बाबांची सही, आणि अक्षरही त्यांचंच.

“तुमच्या पत्रकात एवढं राहून गेलं,” ते म्हणाले. “असू दे. एका पानात सगळं कसं मावणार?”

मी वर येऊन आईला विचारलं.

“हो, त्यांनीच मांडला होता,” ती भाजी निवडत म्हणाली. “टाकी बांधायला पैसे नव्हते. जाणाऱ्याच्या हातात पैसा असतो, राहणाऱ्याला पाणी लागतं, म्हणायचे.”

“पण हे बेकायदा आहे, आई!”

“असेल. पाणी मात्र आलं.”

मला काहीच नीट दिसेना. बाबा चुकले म्हणावं, तर त्या टाकीचं पाणी मी इतकी वर्षं प्यायले होते. बरोबर म्हणावं, तर माझं पत्रक खोटं. आणि टाकी कधीच बांधून झाली होती. मग आता कशासाठी घेतात? विचारायला बाबा नव्हते.

“मी देणार नाही,” मी म्हटलं.

“तू कुठे देतेयस? पत्रक तुझं, घर माझं.” तिने चेकवर सही केली आणि चपला घातल्या.

“थांब, मी देऊन येते.”

“नको. तू गेलीस की भांडून येशील.”

ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली. दुसऱ्या मजल्यावर टेकली, पुन्हा उठली. तिला अडवावं की आधार द्यावा, मला कळेना. शेवटी मी तिच्या पुढे झाले आणि तिचा हात माझ्या खांद्यावर घेतला.

अध्यक्षांची बेल मीच वाजवली.