गफारभाईंच्या स्टुडिओतली हार्डडिस्क

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. एखादं यंत्र बंद पडतं, त्याच्याभोवती तीन शहाणी माणसं बसतात आणि यंत्र सुरू होईपर्यंत सांगण्यासारखं बरंच घडून जातं. परभणीत गफारभाईंच्या व्हिडिओ स्टुडिओत आमचं तसंच झालं. विद्यापीठाच्या नामांतराच्या आधीचं वर्ष असेल. मी मूळचा पाट्या रंगवणारा पेंटर. तिथं लग्नाच्या कॅसेटींवर नावं टाकायला होतो.

त्यासाठी भाईंनी मुंबईहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला होता. सगळी अक्षरं, फुलं, बदाम आणि कॅसेटवरून पकडलेली चित्रं त्याच्या हार्डडिस्कमध्ये राहायची. ही डिस्क पहिल्या दिवसापासून कुरकुरायची. मी म्हटलं, भाई, आवाज बरा नाही. ते कौतुकानं म्हणाले, "मेहनत करायलाय बिचारा. गप बसणाऱ्यावर माझा भरवसा न्हाई."

सहाव्या महिन्यात तो गप बसला.

* * *

गप बसायच्या आधी आठ दिवस त्याचं डोकं फिरलं होतं. मानवतच्या एका लग्नाच्या कॅसेटवर नवरदेवाचं नाव बरोबर आलं, नवरीचं मात्र आदल्या लग्नातलं. घाईत मीही पाहिलं नाही.

दोन दिवसांनी नवरदेव स्वतः आला. मी माफी मागितली, लगेच दुरुस्त करतो म्हटलं. तो म्हणाला, कॅसेटचं नंतर बघू, आधी माझ्यासंगं मानवतला चला.

"कशाला?"

"ही सुनीता कोण, ते तुमीच येऊन सांगा. माझं कुणी ऐकून घ्यायला तयार न्हाई."

गेलो. जेवण चांगलं होतं.

* * *

आमचे डॉक्टर म्हणजे सोनकांबळे सर. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवायचे. त्यांनी झाकण उघडून निदान केलं: हार्डडिस्क बदलावी लागेल. नवी आणायला सर स्वतः पुण्याला गेले. येताना धक्का लागता कामा नये म्हणून तिला टॉवेलात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसले. खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलायचे.

मानवतला एक म्हातारी शेजारी येऊन बसली. तिला ते बघवेना.

"अवो, मान धरा त्याची. पहिलंच हाय का?"

सर आपल्याच तंद्रीत म्हणाले, "परभणीत तरी पहिलंच."

पुढचा सगळा रस्ता म्हातारी त्यांच्याशी बोलली नाही.

* * *

नवी बसली, पण जुनीतलं नवीत घ्यायचं राहिलं होतं. फुलं-बदाम मी पुन्हा काढले असते. एक चित्र मात्र पुन्हा मिळण्यातलं नव्हतं.

बोरीची वच्छलाबाई. मजुरी करणारी बाई. लेकीच्या लग्नानंतर दोन महिन्यांत वच्छलाबाईचा नवरा वारला. घरात त्याचा एकही फोटो नाही. लग्नाची कॅसेट होती, तर जावयाच्या भावानं तिच्यावर क्रिकेटची मॅच भरून ठेवली. उरलं होतं ते फक्त नावामागं लावायला मी पकडलेलं त्याचं एक चित्र, बंद पडलेल्या डिस्कमध्ये.

सर म्हणाले, आतली तबकडी अडकलेली असते. वीज देता देता एक झटका दिला तर एखाद वेळ फिरते. नाहीतर कायमची जाते. दोन्ही डिस्क एका केबलला जोडल्या. गफारभाई टोपी घालून दारात जाऊन उभे राहिले. सरांनी जुनी हातात आडवी धरली, ओठ घट्ट मिटले आणि मनगटाला हिसका दिला.

कुरकुर सुरू झाली.

दारातून, पाठमोरेच, भाई म्हणाले, "मी काय म्हणत होतो?"

* * *

निरोप मिळाला तशी वच्छलाबाई सकाळच्या एसटीनं आली. सरांनी तिला स्टूल दिलं. मी टीव्हीवर चित्र लावलं. मांडव, मागं बुद्धाची तसबीर, पांढरा फेटा बांधलेला माणूस. चेहरा स्वच्छ होता, पण लाईटच्या झोतानं त्यानं नेमके डोळे मिटले होते. चित्र पकडताना माझं लक्ष फुलांच्या किनारीकडं होतं, हे काही मला दिसलंच नव्हतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, बाई, डोळे मिटलेलं आलंय, दुसरं न्हाई.

तिनं स्टूल आणखी पुढं ओढलं. पदर सारखा केला. किती तरी वेळ बघत राहिली.

"असू द्या," ती म्हणाली. "उघडे असायचे तवा मला कुठं निवांत बघता आलं?"